डोंगळ्याच्या फुलोऱ्यात फवारा थांबवा

निफाड, चांदवड, येवला, सटाणा या पट्ट्यात फेब्रुवारी लागला की डोंगळे फुलायला लागतात. बियाण्यासाठी निवडून पुन्हा जमिनीत लावलेल्या कांद्यांचे हिरवे पोकळ दांडे वर येतात आणि त्यांच्या टोकाला पांढरे गोंडे उमलतात. नेमक्या त्याच दिवसांत शेजारच्या उन्हाळ कांद्यावर फुलकिडे आणि करपा यांच्यासाठी फवारण्या जोरात चाललेल्या असतात. माझं म्हणणं असं की, डोंगळा फुललेला असेल त्या तीन-चार आठवड्यांत गावात दिवसाउजेडी कीटकनाशकाचा पंप चालता कामा नये. आणि हे एकेका शेतकऱ्याच्या मर्जीवर न सोडता सगळ्या गावाने मिळून ठरवावं.

मी जन्मभर कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं आणि लग्नानंतर निफाड तालुक्यातल्या सासरच्या मळ्यात डोंगळेही पिकवले. फुलाचा उभा छेद फळ्यावर काढायचा आणि सुट्टीच्या दिवशी वाळलेले गोंडे खुडायचे, ही दोन्ही कामं मी मनापासून केली. सासूबाई बियाण्याचा कांदा स्वतः निवडत. चाळीत पाच-सहा महिने टिकलेला, बारीक मानेचा, एकसारख्या लाल रंगाचा, जोडकांदा नसलेला. दिवाळीच्या आसपास त्याचा वरचा एक तृतीयांश भाग कापून तो सरीत लावला जाई. मळ्यात त्या बियाला उळं म्हणत आणि ते जिवापाड जपत, कारण घरच्या उळ्यावर पुढच्या वर्षाचा सगळा कांदा अवलंबून असे. कांद्याचं बी साध्या साठवणीत वर्षभरापलीकडे फारसं उगवत नाही. एखाद्या वर्षी बी बुडालं की मागच्या वर्षीचं काढून भागत नाही.

आता त्या गोंड्याकडे जवळून बघू. दांड्याच्या टोकावरचा पातळ पापुद्रा फाटतो आणि आतून शेकडो कळ्या बाहेर पडतात. एका गोंड्यात दोनशेपासून सहाशेपर्यंत फुलं सहज असतात, कधी त्याहूनही जास्त. ती एकदम उमलत नाहीत. पहिलं फूल उमलल्यापासून शेवटचं मिटेपर्यंत एका गोंड्याला दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे कुठल्याही दिवशी त्यात कळी, ताजं फूल, जुनं फूल आणि धरलेलं बोंड असं सगळं एकत्र दिसतं. प्रत्येक फूल बोटाच्या नखाएवढंही नसतं. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, मध्ये तीन कप्प्यांचा बीजांडकोश. प्रत्येक कप्प्यात दोन बीजांडं असतात, म्हणजे एका फुलातून जास्तीत जास्त सहा बिया. सहाच्या सहा भरणं हे भाग्याचं काम.

या फुलाची रीत अशी की आधी नर जागा होतो आणि मग मादी. आतल्या तीन पुंकेसरांचे परागकोश आधी फुटतात, नंतर बाहेरचे तीन. दोन-तीन दिवसांत पराग सांडून संपतो. तोवर मधली कुक्षी तयारच नसते. तिचा देठ तेव्हा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. पराग संपत आला की तो वाढू लागतो, चार-पाच मिलिमीटरचा होतो आणि मग कुक्षी पराग घ्यायला तयार होते. फुलाचा स्वतःचा पराग स्वतःच्याच कामी येत नाही तो यामुळे. दुसऱ्या फुलाचा, शक्यतो दुसऱ्या झाडाचा पराग तिथे पोचावा लागतो. आणि कांद्याचा पराग चिकट असतो, गव्हा-मक्यासारखा तो वाऱ्यावर उडून जात नाही. कोणीतरी तो अंगावर घेऊन जावा लागतो.

मकरंदाचं काम इथे सुरू होतं. बीजांडकोशाचे तीन कप्पे जिथे एकमेकांना चिकटतात त्या भिंतींच्या आतच कांद्याच्या मकरंदग्रंथी असतात. तिथून रस पाझरून बुडाशी येतो आणि आतल्या पुंकेसरांच्या रुंद पायथ्याशी, बीजांडकोशाला लागून साठतो. सकाळी ऊन वर आल्यावर भिंग घेऊन पाहिलं तर तिथे ओल चमकताना दिसते. पराग गोळा करायला निघालेली माशी फक्त ताज्या, नर अवस्थेतल्या फुलांवर जाते. जुन्या फुलावर, जिथे कुक्षी तयार आहे आणि जिथे बी धरायचं आहे, तिथे परागच शिल्लक नसतो. तिथे माशी येईल ती फक्त त्या ओलीसाठी. म्हणून मी म्हणते की कांद्याचं बी मकरंदावर उभं आहे. शेतकरी माशीकडे बघतो, पण माशी कशासाठी येते तिकडे कोणी बघत नाही.

हा मकरंद तसा माशीच्या फार आवडीचा नाही. १९७२ साली अमेरिकेत वॉलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांद्याच्या मकरंदात पोटॅशियमचं प्रमाण फार मोठं असल्याचं दाखवलं, आणि माश्या कांद्याकडे पाठ फिरवतात त्यामागे बहुधा हेच असावं असं मांडलं. नंतरच्या प्रयोगांत माश्यांना साखरेच्या पाण्यात पोटॅशियम घालून दिलं तेव्हाही त्यांची नापसंती दिसली. दुसरी अडचण फुलाच्या ठेवणीतली. कांद्याचं फूल उथळ आणि उघडं. मार्चचं आमचं कोरडं ऊन थेट त्या ओलीवर पडतं, पाणी उडून जातं आणि रस इतका दाट होतो की माशीच्या सोंडेला तो ओढणं जड जातं. त्या वेळी शेजारी मोहरी, कोथिंबीर किंवा बडीशेप फुलली असेल तर माशी सरळ तिकडे वळते. म्हणजे डोंगळ्यावर माशी टिकणं हे मुळातच काठावरचं काम. तिथे आपण पंप घेऊन पोचलो की उरलंसुरलंही संपतं.

फूल आणि माशी यांचं नातं किती तऱ्हांनी जमतं याचा एक दुसऱ्या टोकाचा नमुना सांगते. थंड, आम्ल जमिनीच्या मुलखात हीथ नावाच्या झुडपांचं मोठं कुळ आहे. हिमालयातला बुरांश त्यातलाच, आणि अलीकडे आपल्या फळांच्या दुकानांत डब्यांतून दिसणारी ब्लूबेरीही त्यातलीच. ब्लूबेरीचं फूल म्हणजे खाली तोंड करून टांगलेली इवलीशी हंडी. तोंड अरुंद, मकरंद आत खोलवर, ऊन-पावसापासून झाकलेला. परागकोश फाटत नाहीत, त्यांच्या टोकाला बारीक छिद्र असतं. मोठी केसाळ भुंगामाशी फुलाला लटकून अंग थरथरवते तेव्हा पराग त्या छिद्रांतून सांडतो. आपल्या मधमाशीला ही थरथर जमत नाही. काही सुतारभुंगे तर हंडीच्या बुडाला बाजूने चीर पाडून वरच्यावर मकरंद लुटतात, मग मधमाश्याही त्याच चिरेतून पितात, आणि फुलाच्या पदरी काही पडत नाही. याच कुळातल्या हीथर नावाच्या झुडपावर स्कॉटलंडच्या माळांवर ऑगस्टमध्ये जांभळा बहर येतो. तिथले मधपाळ त्या बहरासाठी मुद्दाम पेट्या उचलून माळावर नेतात. तो मध इतका घट्ट, जेलीसारखा असतो की नुसता फिरवून पोळ्यातून निघत नाही, दाबून किंवा ढवळून काढावा लागतो. एका झुडपाच्या मकरंदासाठी सगळा व्यवसाय आपलं बिऱ्हाड हलवतो. आमच्या तालुक्यात कांद्याच्या भावासाठी रस्ता अडवला जातो, रेल्वेच्या वॅगनसाठी निवेदनं दिली जातात. मकरंदासाठी एकही बैठक झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

छिद्राच्या परागकोशाची गोष्ट आपल्यालाही परकी नाही. पिंपळगावच्या बाजारात ढिगाने येणारा टोमॅटो त्याच पद्धतीचा आहे. त्याच्या फुलात मकरंद नसतोच, आणि पराग सांडायला थरथर लागते. तिथे वारा आणि भुंगे काम भागवतात, शिवाय टोमॅटोला स्वतःचा पराग चालतो. कांद्याला तशी सवलत नाही.

थोडा हिशेब करू. कांद्याच्या हजार बियांचं वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे एका किलोत पावणेतीन लाखांवर बिया. प्रत्येक फुलात सहाच्या सहा बिया भरल्या असं धरलं तरी एक किलो बियाला सत्तेचाळीस हजारांच्या आसपास फुलं लागतात. प्रत्यक्षात बिया कमी भरतात, म्हणजे फुलं कितीतरी जास्त लागतात. एक एकर कांदा लावायला तीन-चार किलो बी टाकतात. तर एका एकराच्या कांद्यामागे आदल्या हंगामात किमान दीड-दोन लाख फुलांवर कोणीतरी माशी येऊन गेलेली असते, आणि तीही फूल तयार असण्याच्या मोजक्या दिवसांत. हे काम मजूर लावून होणार आहे का?

लोक प्रयत्न करतात. डोंगळ्यावर गुळाचं पाणी फवारतात, म्हणजे माशी गोडावर येईल. मला हा उपाय पटत नाही. पातीवरचा गूळ चाटून पोट भरलेल्या माशीला फुलात उतरायची गरजच काय? शिवाय मुंग्या लागतात आणि चिकटपणावर बुरशी धरते. दुसरा उपाय हाताने किंवा मऊ कपड्याने गोंडे कुरवाळण्याचा. याने थोडंफार बी वाढतं, मी नाकारत नाही. पण एका गोंड्यातली फुलं आठवडेच्या आठवडे वेगवेगळ्या दिवशी तयार होतात, त्यामुळे एक दिवसाआड शेतभर फिरावं लागतं. शिवाय हात बहुतेक एकाच गोंड्यातला पराग इकडून तिकडे करतो. पुतण्या परवा म्हणाला, “काकू, चार बायका लावून गोंडे चोळून घेतले, तरी निम्मं बोंड पोचट.” मी त्याला विचारलं, “शेजारच्या कांद्यावर कधी मारलं होतं रे?” तो म्हणाला, “त्याच आठवड्यात, सकाळी दहाला.” सकाळी नऊ-दहा ते दुपार हीच माश्यांची डोंगळ्यावरची मुख्य वेळ.

फुलकिड्यांवर जी औषधं आपल्याकडे मारली जातात त्यांत फिप्रोनिल आणि प्रोफेनोफॉस आहेत. दोन्ही मधमाशीला अतिशय घातक. इमिडाक्लोप्रिड झाडाच्या रसात भिनतं आणि मकरंद-परागातही उतरतं, म्हणून युरोपीय संघाने २०१८ साली उघड्या शेतात त्याचा वापर बंद केला. दुकानदार दोन-तीन औषधं एका पंपात मिसळून देतो आणि माशीचं नावही काढत नाही. दोष एकट्या शेतकऱ्यावर टाकणं मला मान्य नाही. उभ्या कांद्यावर फुलकिडे वाढलेले दिसत असताना तो हात बांधून बसू शकत नाही. त्याला वेळ पाळून, योग्य औषध निवडून फवारता येईल असं सांगणारं कोणी हवं. आणि शेजारीही तेच पाळतो आहे, ही खात्री हवी.

ही शिस्त नाशिकला जमणार नाही असं कोणी म्हणू नये. द्राक्षात आपण ती अंगी बाणवली आहे. शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या अपेडा या केंद्रीय संस्थेने २००६ पासून ग्रेपनेट ही द्राक्षांचा माग ठेवणारी व्यवस्था आणली, बागांची नोंदणी झाली, कोणतं औषध काढणीपूर्वी किती दिवस बंद करायचं याचे तक्ते भिंतीवर लागले. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली आणि बागाईतदारांनी त्याची मोठी किंमत मोजली. त्यानंतर फवारणीची वही लिहिणं हे इथल्या बागाईतदाराला सांगावं लागत नाही. रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकाच्या ताटासाठी आपण दिवस मोजून पंप थांबवतो. तोच शेतकरी, त्याच शिवारात, आपल्याच बियाण्यासाठी तास मोजून पंप थांबवू शकतो. याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

बियाण्याचं मोल आपण एकदा पाहिलेलंही आहे. २०२० साली पावसाने बी आणि रोपं दोन्हींची दैना केली, उळ्याचे भाव कित्येक पटींनी चढले, आणि ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारला कांदा बियाण्याची निर्यातच थांबवावी लागली. त्या हिवाळ्यात बनावट बियाच्या तक्रारी गावोगाव ऐकू येत होत्या. या जिल्ह्यात कांद्यावरच्या संस्थांची कमी नाही. लासलगावची बाजार समिती १९४७ पासूनची. राष्ट्रीय बागवानी संशोधन प्रतिष्ठान १९७७ पासूनचं, चितेगाव फाट्यावरच्या त्याच्या प्रक्षेत्राजवळून आम्ही सगळे येतो-जातो. कांदा-लसणाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९४ साली नाशिकलाच सुरू झालं आणि १९९८ मध्ये राजगुरुनगरला गेलं. एन-५३ हा वाणही याच जिल्ह्यातला. इतकी पुण्याई पाठीशी असताना गावपातळीवरचं परागीभवन मात्र अजून ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडलेलं आहे.

माशी म्हणजे फक्त भाड्याची पेटी, असाही एक समज पसरतो आहे. पेट्या आणाव्यात, नक्कीच आणाव्यात. गोंड्यांतली दहा टक्के फुलं उमलल्यावरच त्या शेतात ठेवाव्यात. आधी ठेवल्या तर माश्या दुसऱ्या पिकाच्या वाटा शिकून बसतात. एकरी दोन-तीन पेट्या, पाणी जवळ, सकाळचं ऊन. पण डोंगळ्यावर राबणाऱ्यांत आपल्या रानातली फुलोरी आहे, सातेरी आहे, मोठी आग्या आहे, शिवाय फुलमाश्या आणि साध्या घरमाश्याही आहेत. एकीकडे पेट्यांचं भाडं भरायचं आणि दुसरीकडे पाण्याच्या टाकीखालचं आग्या मोहोळ फेब्रुवारीतच माणूस लावून जाळून टाकायचं, हे आमच्या भागात सर्रास चालतं. मला ते बघवत नाही. शाळेजवळ, रस्त्यावर मोहोळ असेल तर जाणकाराला बोलवून हलवावं. जिथे माणसाची वर्दळ नाही तिथे ते फुलोरा संपेपर्यंत राहू द्यावं. आग्या तशीही ऋतूप्रमाणे मुक्काम हलवते.

आणि माशीला वर्षाचे बारा महिने खायला लागतं. डोंगळा तिला एक महिना पोसतो, तेही कुरकुरत. पश्चिमेकडे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या रानात तिला जांभूळ, करवंद, हिरडा मिळतो. निफाडच्या बाजूला बांधावरची बाभूळ आणि कडुनिंब तोडून आपण द्राक्षाला सावली नको म्हणून शिवार मोकळं केलं. बांधावर पुन्हा कडुनिंब, शेवगा, पांगारा लावा, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना, जे आता स्वतः शेतकरी आहेत, सतत सांगते. फक्त एक पथ्य: डोंगळ्याशेजारी त्याच दिवसांत फुलणारी मोहरी किंवा बडीशेप लावू नका. पाण्याचंही असंच. फुलोऱ्यात रानाला ताण पडला की मकरंद आटतो, आणि तुषार संच लावला तर फुलांतला रस धुऊन जातो. ठिबकाने हलकं पाणी द्यावं.

एकट्याने हे पाळून उपयोग नाही, कारण माशी गट नंबर बघत नाही. ती किलोमीटर-दोन किलोमीटर सहज फिरते. बीजोत्पादनात दोन वाणांमध्ये साधारण एक किलोमीटरचं अंतर राखायला सांगतात ते त्याचसाठी. ती तेवढं अंतर परागासह जाते, तशीच शेजाऱ्याच्या औषधातूनही जाते.

म्हणून माझी मागणी ग्रामपंचायतींकडे आहे. २६ जानेवारीला ग्रामसभा भरते, आणि डोंगळा फुलायला त्यानंतर थोडेच दिवस उरतात. त्या सभेत डोंगळेवाल्यांची यादी गटवार वाचावी. फुलोऱ्याची तारीख कृषी सहायकाने शिवार बघून जाहीर करावी. त्या दिवसापासून फुलोरा संपेपर्यंत कोणत्याही पिकावर कीटकनाशक मारायचं असेल तर सूर्यास्तानंतर मारावं, आणि आदल्या दिवशी गावाच्या फळ्यावर आणि मोबाइलच्या गटावर कळवावं, म्हणजे पेट्यांची तोंडं बंद ठेवता येतील. फुललेल्या डोंगळ्यावर कीटकनाशक मारूच नये, बुरशीचं मारायचं तर तेही संध्याकाळी. बियाणं कंपन्या ज्या शेतकऱ्यांकडून करारावर बी पिकवून घेतात, त्यांनी पेट्यांचं भाडं करारातच धरावं. बी त्यांना हवं आहे, तर माशीचा खर्च एकट्या शेतकऱ्याने का सोसावा? आणि कृषी सेवा केंद्रांनी त्या महिनाभर दुकानाच्या दर्शनी भागावर माशीला घातक औषधांची यादी मोठ्या अक्षरात लावावी.

आमच्या गावच्या येत्या सभेत हा ठराव मी लेखी देणार आहे, आणि सूचक म्हणून माझ्या पुतण्याचं नाव घालणार आहे. अनुमोदनाला दोन डोंगळेवाले आधीच तयार आहेत. ज्यांना आपल्या गावासाठी मसुदा हवा असेल त्यांनी हाच लेख कापून सरपंचांच्या हातात द्यावा.